उत्तरवयातील सहनिर्मिती : लिओनार्ड कोहेन यांचा 'टेन न्यू साँग्ज'

उत्तरवयात कलावंत स्वतःचीच पुनरावृत्ती करतो, असा समज समीक्षेत रूढ आहे. कॅनडाचे कवी-गीतकार लिओनार्ड कोहेन (१९३४–२०१६) यांचा 'टेन न्यू साँग्ज' (२००१) हा गीतसंग्रह त्यास छेद देतो. कॅलिफोर्नियातील झेन मठ सोडल्यावर १९९९ मध्ये कोहेन मुंबईत रमेश बाळसेकर यांच्या सत्संगास जात असत. व्यक्ती ही कर्ता नव्हे, हे बाळसेकरांच्या शिकवणीचे सूत्र होय. त्याचा थेट प्रभाव सिद्ध करणे कठीण असले, तरी कर्तेपणाची वाटणी या संग्रहात प्रत्यक्ष दिसते. दहाही गीते कोहेन व शॅरन रॉबिन्सन यांच्या संयुक्त नावावर असून निर्मितीही रॉबिन्सन यांची आहे.

कोहेन यांचा आवाज येथे खर्जात, जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर उतरला आहे. चाल पेलण्याचा बराचसा भार रॉबिन्सन यांचा स्वर वाहतो. त्यामुळे वयाने आलेली मर्यादा ही उणीव न राहता रचनेचे तत्त्व बनते. कीबोर्डप्रधान वाद्ययोजना काही ठिकाणी एकसुरी वाटते, हे मात्र मान्य करावे लागते.

पुढे 'यू वॉन्ट इट डार्कर' (२०१६) या संग्रहात आजारी कोहेन यांनी पुत्र अ‍ॅडम यांच्या साह्याने हीच वाट चोखाळली. सारांश, या गीतांना केवळ एका कवीच्या कविता म्हणून वाचणारी समीक्षा अपुरी ठरते. सहनिर्मात्याचे श्रेय मान्य केल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.