संहितेचा स्वीकार, नाट्याला नकार : मणी कौल यांचा ‘आषाढ का एक दिन’

साहित्यकृतीवरून केलेल्या चित्रपटाची चर्चा मराठी समीक्षेत बहुधा माध्यमांतराच्या अंगाने होते आणि तिला हिशेबाचे रूप येते : कोणते प्रसंग गाळले, कोणते वाढवले, शेवट बदलला की राखला. संहिता बव्हंशी कायम ठेवूनही जेथे कलाकृतीचा स्वभावच पालटतो, तेथे हा हिशेब निरुपयोगी ठरतो. मोहन राकेश यांच्या १९५८ च्या नाटकावरून मणी कौल (१९४४–२०११) यांनी केलेला ‘आषाढ का एक दिन’ (१९७१) या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून कौल १९६६ मध्ये बाहेर पडले. तेथे त्यांना ऋत्विक घटक हे गुरू लाभले. घटक ‘इप्टा’च्या नाट्यचळवळीतून आलेले, नाटकाचा आवेग, त्याची सामूहिकता, प्रसंगी त्याचा भडक स्वरही त्यांनी चित्रपटात निःसंकोचपणे आणला. ‘कोमल गांधार’मध्ये (१९६१) नाटकमंडळी ‘शाकुंतल’ बसवतात आणि शकुंतलेच्या तपोवनत्यागात फाळणीने तुटलेल्या बंगालचे दुःख ऐकू येते. अभिजात संहिता वर्तमानाच्या वेदनेला भिडवायची, हा घटकांचा मार्ग होता. दुसरीकडे कौल यांच्यापुढे रोबेर ब्रेसाँ यांचा आदर्श होता, आणि ब्रेसाँ तर नाटकी अभिनयाला चित्रपटातून हद्दपारच करू पाहत होते. नाट्यप्रेमी गुरू आणि नाट्यविरोधी आदर्श यांच्या ओढाताणीतून सुटण्याचा सोपा उपाय नाटकाच्या वाटेला न जाणे हा होता. राकेश यांच्याच कथेवरील ‘उसकी रोटी’नंतर कौल यांनी नेमके नाटकच निवडले.

या निवडीचे मर्म ध्वनियोजनेत आहे. चित्रपटाचे संवाद आधी ध्वनिमुद्रित केले गेले आणि चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवले गेले. हिंदी चित्रपटात गाण्यासाठी सर्रास वापरली जाणारी ही रीत येथे गद्याला लागू झाली. रंगमंचावर नटाचा देह आणि त्याचे वाक्य एकाच क्षणी जन्मतात. नाट्याची सारी ऊर्जा या एककालिकतेत असते. कौल यांनी ती गाठच सोडवली. शब्द आधीच उच्चारला गेला आहे आणि पात्र जणू त्याच्या सावलीत वावरते आहे, असा प्रत्यय येतो. संवाद कृती घडवत नाही, तो आठवल्यासारखा ऐकू येतो. के. के. महाजन यांचा कॅमेरा मग चेहऱ्यावरील भाव टिपण्याच्या कामातून मोकळा होऊन झोपडी, दार, डोंगरउतार यांकडे तितक्याच अवधानाने पाहू शकतो.

हे केवळ तंत्र नव्हे, कारण मूळ नाटकाचा विषयच शब्द आणि देह यांतील अंतर हा आहे. कालिदास उज्जयिनीला जातो. मल्लिकेच्या वाट्याला उरतात ते त्याचे ग्रंथ, व्यापाऱ्यांकडून मिळवलेले. ती त्याची वाचक होते. त्याने महाकाव्य लिहावे म्हणून तिने कोरी पाने स्वतः शिवून ठेवली आहेत. तिसऱ्या अंकात कालिदासाच्या हाती येतात तेव्हा ती कोरी राहिलेली नसतात, तिच्या आयुष्याने मळलेली असतात. ज्याचे शब्द पोहोचतात पण जो स्वतः पोहोचत नाही, अशा कवीची ही गोष्ट शब्दाला देहापासून विलग करणाऱ्या चित्रपटात नव्याने उलगडते. रेखा सबनीस यांची मल्लिका रडवत नाही, ही तक्रार म्हणूनच फारशी टिकणारी नाही. (कालिदासाच्या भूमिकेतले अरुण खोपकर हेही याच संस्थेचे विद्यार्थी. पुढे १९८५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी गुरुदत्त यांच्या चित्रपटांना ‘तीन अंकी शोकांतिका’ म्हटले. नाटकाची परिभाषा सिनेमावाल्यांना सोडवत नाही, असेच म्हणायचे!)

मात्र या रीतीची किंमतही मोजावी लागली आहे. राकेश यांचा तिसरा अंक प्रवेश-निर्गमनाच्या अचूक वेळांवर उभा आहे. कालिदास नव्याने आरंभ करण्याविषयी बोलत असताना आतून मुलीचे रडणे ऐकू येते, आणि त्या एका आवाजाने त्याचे सारे बोलणे पोकळ ठरते. हा नाट्यात्म उपरोध आहे. तो वर्तमानकाळातच घडू शकतो. जेथे प्रत्येक शब्दाला आधीच भूतकाळ चिकटला आहे, तेथे या रडण्याचा आघात बोथट होतो. कालिदासाची कबुली आणि तिला छेद देणारे वास्तव एकाच पातळीवर येतात आणि राकेश यांनी कवीला नाकारलेली सहानुभूती चित्रपट त्याला नकळत बहाल करतो. विलोमाच्या बाबतीत तसे होत नाही. ओम शिवपुरी यांच्या वाचेतील रंगमंचाचे वळण कौल यांच्या शिस्तीत पूर्णपणे विरघळलेले नाही. तो बोलू लागला की कालिदासाविषयीचा संशय पुन्हा जागा होतो, आणि चित्रपटाने दाराबाहेर ठेवलेले नाटक घटकाभर आत येऊन बसते.