शेजारी बसून पाहण्याची विद्या

मतदान केंद्रात पुठ्ठ्याच्या आडोशामागे माणूस एकटाच असतो. समजावून सांगायला कुणी नाही आणि मागे रांग उभी. उमेदवाराच्या नावासमोरचे निळे बटण दाबले की त्याच ओळीतला लाल दिवा लागतो, लांबलचक ‘बीप’ ऐकू येतो, आणि आपले मत पडले हे त्याला कळते. नावे आणि चिन्हे एकाखाली एक, कागदी मतपत्रिकेवर असायची तशीच. फक्त शिक्क्याच्या जागी बटण आले. या यंत्राच्या रचनेत मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन संस्थेचे ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांचा वाटा आहे. अक्षरओळख नसलेली आजी कुणाला न विचारता हे यंत्र वापरते. वापरकर्त्याला केंद्रस्थानी ठेवणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना सांगताना मी पहिल्या तासाला याच बटणापासून सुरुवात करतो, कारण दुसऱ्या तासापासून त्यांचे डोळे स्क्रीनवरच्या रंगांकडे वळणार असतात.

या विद्येचा गाभा फार थोडक्यात सांगता येतो. आयबीएममधल्या जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस या संशोधकांनी १९८५ साली तो तीन कलमांत मांडला: वापरणाऱ्या माणसांना आणि त्यांच्या कामाला आरंभापासून ओळखा, ती माणसे वस्तू वापरताना प्रत्यक्ष मोजा, आणि जे दिसेल त्याप्रमाणे पुन्हा पुन्हा बदला. ऐकणारा म्हणेल, यात सांगण्यासारखे काय आहे? पण याच दोघांनी व्यवसायातल्या लोकांना तुमची कामाची रीत लिहून द्या असे सांगितले, तेव्हा तिन्ही गोष्टी लिहिणारे थोडेच निघाले. पुढच्या वर्षी डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांच्या संपादित ग्रंथाने ‘वापरकर्ता-केंद्री’ हा शब्द रुजवला, आणि १९८८ साली नॉर्मन यांनी दारे, नळ, शेगड्या यांची उदाहरणे देत तो सामान्य वाचकापर्यंत नेला. चुकतो तो माणूस नाही, चुकते ती वस्तूची रचना, हे त्यांचे म्हणणे आता प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते.

पाठ असणे आणि पटणे यांत मात्र अंतर आहे. ते मिटवायला मला ल्युसी सचमन यांचे काम सर्वांत उपयोगी वाटते. त्या मानववंशशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात त्यांनी लोकांना नव्या, ‘हुशार’ फोटोकॉपी यंत्राशी झगडताना कॅमेऱ्यात टिपले. कागदाच्या दोन्ही बाजूंना प्रत काढायची, इतकेच काम. एका चित्रफितीत तर नामांकित संगणकशास्त्रज्ञच यंत्रापुढे गोंधळलेले दिसतात. यंत्राने गृहीत धरलेला क्रम एक होता, माणसे क्षणोक्षणी परिस्थिती पाहून वेगळेच काही करत होती, आणि यंत्राला ते दिसत नव्हते. १९८७ साली हे पुस्तकरूपाने आले. त्याच सुमारास स्कँडिनेव्हियात हाच धागा आणखी पुढे नेला जात होता. १९८१ ते १९८५ दरम्यानच्या ‘यूटोपिया’ प्रकल्पात छापखान्यातल्या कामगारांच्या संघटना आणि संशोधक एकत्र बसले. संगणकावर पान लावण्याचे तंत्र अजून हाताशी नव्हते, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याची खोकी मांडली, त्यांनाच लेझर प्रिंटर मानले आणि उद्याचे काम आज करून पाहिले. आपल्या हातातले कसब नव्या यंत्रात कुठे टिकेल हे खिळे जुळवणारा कामगार स्वतः सांगत होता.

आपल्याकडे याची पायाभरणी वाईट झाली नव्हती. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने भारत सरकारला दिलेल्या अहवालात साध्या लोट्याचा विचार केला आहे: त्यात पाणी किती मावते, तो डोक्यावर नेतात की कमरेवर, रिकामा आणि भरलेला असताना तोल कसा राहतो, हाताला कसा लागतो. आज ज्याला ‘युजर रिसर्च’ म्हणतात त्याचे सगळे प्रश्न त्यात आहेत. १९६१ साली अहमदाबादची एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि १९६९ साली पवईची आयडीसी उभी राहिली. या संस्थांतून निघालेले चांगले काम आजही त्याच प्रश्नांवर उभे आहे.

पण यूएक्सची, म्हणजे वापरकर्त्याच्या अनुभवाच्या डिझाइनची, मागणी वाढली, तसे शिक्षण पातळ झाले. काही महिन्यांचे वर्ग निघाले. तिथे मुले आराखड्याचे सॉफ्टवेअर शिकतात, बटणांचे गोल कोपरे शिकतात, नोकरीसाठी पोर्टफोलिओ रचतात. त्या पोर्टफोलिओत एक ‘पर्सोना’, म्हणजे नमुन्याच्या वापरकर्त्याचे चित्र, असते: फोटो, वय, छंद, अडचणी. ॲलन कूपर यांनी १९९९च्या पुस्तकातून हे साधन लोकप्रिय केले, त्यामागे प्रत्यक्ष मुलाखती असाव्यात ही अट होती. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक पर्सोना टेबलावर बसून लिहिलेल्या असतात. तीच गत ‘पाच माणसे पुरेत’ या वाक्याची. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांचे म्हणणे असे होते की पाच जणांची चाचणी घ्या, दुरुस्त करा, मग पुन्हा पाच, पुन्हा दुरुस्ती. आणि वापरणाऱ्यांचे गट वेगळे असतील तर प्रत्येक गटातली माणसे बोलवा. आपण त्यातले ‘पाच’ घेतले आणि ‘पुन्हा’ सोडून दिले. तेही पाच म्हणजे बऱ्याचदा वसतिगृहातले मित्र.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीला मी आमच्या इमारतीत पोळ्या करायला येणाऱ्या काकूंशेजारी बसवले. काकूंना एक ऑनलाइन अर्ज भरायचा होता. अट एकच, फोन काकूंच्या हातात आणि विद्यार्थिनीने गप्प राहायचे. पहिल्याच चौकटीत काकू अडल्या. नाव, मधले नाव, आडनाव. ‘मधलं म्हणजे वडलांचं का मालकांचं गं?’ मुलीच्या ओठांवर उत्तर आले होते, मी हातानेच थांबवले. काकूंनी वडिलांचे लिहिले, मग आधार कार्ड काढून पाहिले आणि पुसून नवऱ्याचे लिहिले. पुढे मोबाइल नंबर टाकला. आता कळफलक स्क्रीनवर अर्ध्यापर्यंत आलेला, आणि ‘सबमिट’चे बटण त्याच्याखाली झाकलेले. काकूंना बटण दिसतच नव्हते. त्या थोडा वेळ थांबल्या, ‘झालं वाटतं’ म्हणाल्या आणि फोन ओट्यावर ठेवला. काही वेळाने उघडला तेव्हा स्क्रीनवर शब्द होते: ‘सत्र कालबाह्य झाले आहे.’ काकू म्हणाल्या, ‘म्हणजे माझी तारीख गेली?’ दुसऱ्या दिवशी त्यांनी सेतू केंद्रात पैसे देऊन अर्ज भरून घेतला.

त्या विद्यार्थिनीने एका दुपारी जे पाहिले ते कुठल्याही वर्गात शिकवता आले नसते. मराठी अनुवाद केला म्हणजे मराठी माणसाची सोय झाली हा समज तिच्या मनातून कायमचा गेला. ‘वेळ संपली, पुन्हा सुरू करा’ एवढे लिहायला कुणाची हरकत असणार? पण ते लिहिणाऱ्याने काकूंना पाहिलेले नसते.

भाषेचा प्रश्न टंकलेखनात तर सर्वांत उघडा पडतो. १९८६ साली सरकारी प्रमाण म्हणून आलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, असा नीट विचार आहे. पण तो शिकावा लागतो. स्मार्टफोन आल्यावर आयडीसीत प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ केले, २०१३ साली ते मोफत उपलब्ध झाले. ‘क’वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु असे चक्र उमलते आणि हव्या त्या दिशेला बोट सरकवायचे. मराठी मूल बाराखडी शिकलेले असते, म्हणून त्याला नवे काही शिकवावे लागत नाही. मतदान यंत्राने मतपत्रिका जपली, स्वरचक्राने बाराखडी. आपल्या मातीतले इंटरॅक्शन डिझाइन शिकायचे तर या दोन वस्तू पुरेशा आहेत असे मी म्हणेन. याउलट कितीतरी कळफलकांवर ‘दर्या’ सहज उमटतो, पण ‘दऱ्या’ लिहायचा तर ऱ कुठे दडला आहे ते शोधावे लागते. समुद्र आणि डोंगरदरी यांतला फरक ज्यांच्या भाषेत एका अक्षरावर उभा आहे, त्यांना कुणी विचारलेच नाही. ‘ॲ’सारख्या रोजच्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडले.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी टाळू नये. माणूस कुठे थबकतो, काय न वाचता पुढे जातो, हे ज्ञान त्याच्याविरुद्धही वापरता येते. न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे, वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला सात पाने. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली याला ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी असे तेरा प्रकार नावानिशी निषिद्ध ठरवले. अशी रचना करणारेही आपल्याच वर्गांतून शिकून गेलेले असतात. या तेरा प्रकारांची यादी अभ्यासक्रमात नसेल तर तो अभ्यासक्रम अपुरा आहे.

महाराष्ट्रात हा विषय शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. मुलाखती आणि चाचण्या मराठीत, अहिराणीत, मालवणीत होऊ द्या आणि त्यांच्या नोंदीही त्याच भाषेत स्वीकारा; इंग्रजीत आणताना काकूंचे ‘म्हणजे माझी तारीख गेली?’ हरवते. आणि गुण देताना पोर्टफोलिओतले शेवटचे देखणे पान बाजूला ठेवून विद्यार्थ्याला एवढेच विचारा: कुणाशेजारी बसलास, किती वेळ गप्प राहिलास, आणि उठल्यावर काय बदललेस?