पाणी कुठपर्यंत आलंय?

जून लागला की माझ्या फोनवर एक ठरावीक रील यायला लागतं. लोकलचं दार, दांड्याला धरलेला हात, बाहेर धो धो पाऊस आणि मागे एखादं जुनं हिंदी गाणं. माणसं बदलतात, गाणं बदलतं, रील तेच राहतं. मला ते आवडतं हे आधीच कबूल करते. मी ओझरला राहते. आमच्या गावाला विमानतळ आहे, विमानांचा कारखाना आहे, पण रेल्वे नाही. गाडी पकडायची तर नाशिक रोडला जावं लागतं. त्यामुळे पावसातली लोकल माझ्यासाठी पडद्यावरची गोष्ट. ती मी पुष्कळ पाहिली आणि वाचली, आणि गेल्या काही वर्षांत तिचा थोडा रागही यायला लागला. हा लेख त्या रागाबद्दल आहे.

राग समजायला आमच्याकडचा पाऊस समजला पाहिजे. ओझर निफाड तालुक्यात येतं, म्हणजे द्राक्षाचा मुलूख. फुलोऱ्यात पाऊस झाला की औषधांचा खर्च वाढतो, गारा पडल्या की हंगाम जातो. पाऊस पडला असं इथे कोणी नुसतं म्हणत नाही. किती पडला, कुठे पडला, शेतात किती वेळ उभा राहिला, हे लगेच विचारतात. वाघाड धरणाच्या कालव्यावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या, त्यांची सुरुवात ओझरच्याच समाज परिवर्तन केंद्राने केली. पाणी मोजून घ्यायचं, पाळीने द्यायचं आणि हिशेब मांडायचा, हे ऐकत मी मोठी झाले. मग पडद्यावर पाणी दिसलं की मी तोच प्रश्न विचारते. किती? कुठून आलं? आणि बहुतेक वेळा त्या गोष्टीकडे उत्तर नसतं.

दुसरं कारण माझी मावशी. २६ जुलै २००५ ला ती दादरच्या ऑफिसमधून घाटकोपरला घरी निघाली होती. मी तेव्हा चौथीत होते. आमच्याकडे लँडलाइन होता आणि आई दोन दिवस त्याच्या शेजारी बसून होती. मावशीची लोकल शीवच्या पुढे थांबली ती थांबलीच. रात्री कधीतरी लोक उतरून रुळांवरून चालायला लागले, त्यांच्यात तीही. पाणी मांड्यांपर्यंत, रूळ दिसत नव्हते. ती सांगते, “पायाला खडी लागत होती तोवर बरं वाटत होतं. खडी लागायची बंद झाली की सगळे थांबायचो. पुढे पूल असणार.” शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये मिठी नदी आहे. रोज दोनदा ती ओलांडूनही मावशीला त्या रात्रीपर्यंत तिचं नाव माहीत नव्हतं. ती नदी नाला म्हणूनच ओळखली जायची.

त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला ७३. एकाच शहराचे हे दोन आकडे. दक्षिण टोकाला नेहमीचा पावसाळी दिवस होता आणि उत्तरेला लोक बुडत होते. आम्हा ओझरकरांना हे आकडे ऐकले की लगेच गोष्ट दिसते. गोष्टी सांगणाऱ्यांना मात्र वेगळंच दिसलं. दुसऱ्या दिवसापासून एक शब्द सुरू झाला तो आजतागायत चालू आहे: स्पिरिट. मावशीला कोणी तो शब्द ऐकवला की ती म्हणते, “आम्ही कुठे जाणार होतो? घरी जायचं होतं, म्हणून चाललो.”

आता पडद्याकडे येऊ. २६ जुलैवरचा सगळ्यात माहीत असलेला हिंदी चित्रपट ‘तुम मिले’, २००९ चा. दिग्दर्शक कुणाल देशमुख, कलाकार इम्रान हाश्मी आणि सोहा अली खान. ताटातूट झालेले दोघं जण विमानात भेटतात, मुंबईत उतरतात आणि पुरात सापडतात. गाणी चांगली आहेत, नात्याचा भागही वाईट नाही. पण पुराचं काम काय, तर दोघांना पुन्हा एकत्र आणणं. पाणी इथे मध्यस्थाचं काम करतं. ते कुठल्याही शहरात, कुठल्याही नदीचं असतं तरी पटकथेला धक्का लागला नसता. ‘मुंबई डायरीज’चा दुसरा सीझन २०२३ मध्ये आला. तिथे पूर रुग्णालयाच्या दारात येतो आणि आतल्या डॉक्टरांवरचा ताण वाढवतो. ताण खरा वाटतो, नटांनी काम जीव तोडून केलंय. पण पाणी पुन्हा बाहेरचं संकट म्हणूनच येतं, आभाळातून. शहराने त्यात काही केलंय असं जाणवत नाही.

याउलट उदाहरण मला पावसाशी संबंध नसलेल्या चित्रपटात सापडलं. निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५ चाच. संदीप कुलकर्णींचा माधव आपटे रोज डोंबिवलीहून लोकलने बँकेत जातो, रोज तेच सहन करतो आणि एक दिवस सहन करायचं थांबवतो. आपटेचा मार्ग मला पटत नाही. हातात बॅट घेऊन व्यवस्था सुधारत नाही, आणि चित्रपटही त्याला जिंकू देत नाही. पण त्याच्यात एक गोष्ट आहे जी पुराच्या गोष्टींमध्ये नसते. तो ‘चालायचंच’ म्हणत नाही. हे असं का, कोणी केलं, असं तो ज्याच्या त्याच्या तोंडावर विचारतो. आपटेला २६ जुलैच्या लोकलमध्ये बसवलं असतं तर त्याने शेजाऱ्याशी बिस्किटं वाटून खाल्ली असती, आणि मग विचारलं असतं की गाडी बरोबर इथेच का थांबली?

हा प्रश्न मी स्वतः विचारून पाहायचं ठरवलं. जुलैतल्या एका वादळी दिवशी, हवामान खात्याचा इशारा असताना, नाशिक रोडहून पंचवटी पकडली. घरच्यांनी वेड्यात काढलं. कसाऱ्याच्या घाटात धुक्याशिवाय काही दिसलं नाही. मुंबई हे बेट आहे हे शाळेत शिकलो, पण त्या बेटाला लोकलने प्रदक्षिणा घालता येते हे कमी जणांच्या लक्षात येतं. चर्चगेटहून पश्चिम रेल्वेने माहीमपर्यंत. तिथे हार्बरची गाडी पकडून किंग्ज सर्कल, वडाळा, शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड करत सीएसएमटी. मग पंधरा मिनिटं छत्री सांभाळत चालत पुन्हा चर्चगेट. बेटाबाहेर पाऊल न टाकता फेरी पूर्ण.

पाऊस आडवा येत होता. बायकांच्या डब्यात सगळ्या खिडक्या लावलेल्या, पंखे चालू, ओल्या ओढण्यांचा वास. मरीन लाइन्स आणि चर्नी रोडच्या दरम्यान जिमखान्यांच्या फटीतून समुद्र दिसला. करडा, खवळलेला, जेमतेम काही सेकंद. त्यानंतर अख्ख्या फेरीत तो मला नीट दिसलाच नाही. पश्चिमेला इमारती, पूर्वेला बंदराच्या भिंती आणि गोदामं. बेटाला वळसा घालणाऱ्या गाडीतून पाणी दिसत नाही. आपल्या लोकलच्या कथा-कवितांमध्ये गर्दी, घाम, चौथी सीट, भजनी मंडळ हे सगळं आहे आणि बेट मात्र नाही, याचं निम्मं कारण मला त्या खिडकीत कळलं. लिहिणाऱ्याला जे रोज दिसतं ते तो लिहितो.

किंग्ज सर्कलला गाडी एकदम हळू झाली. रुळांशेजारी पाणी साचलं होतं. डब्यातली एक बाई उठून दारातून वाकून पाहून आली आणि कोणी न विचारता सगळ्यांना सांगितलं, “अजून रूळ दिसतायत.” बाकीच्या जणी पुन्हा फोनमध्ये गेल्या. लोकलच्या मोटारी डब्याखाली असतात. पाणी रुळांच्या वर एका मर्यादेपलीकडे चढलं की गाडी थांबवावीच लागते. त्या बाईला मोटारींचं माहीत असेल-नसेल, पण काय पाहायचं ते माहीत होतं. तिच्या एका वाक्यात ‘तुम मिले’च्या सगळ्या पुरापेक्षा जास्त पाणी होतं.

गाडी तिथेच का अडकते याचं उत्तर जुनं आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात बेटं. त्यांच्यामधल्या खाड्या बांध घालून अडवल्या, भराव टाकला. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी व्हेलार्डने वरळीकडची खाडी बंद केली. १८०३ मध्ये शीवचा बांध झाला, १८४५ मध्ये माहीमचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. भरलेली जमीन सखल राहिली, आणि तिथे पाऊस पडला की पाणी आपल्या जुन्या जागी येऊन बसतं. त्यात मोठी भरती असली तर नाल्यांची तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात. पाणी बाहेर जाण्याऐवजी आत यायला पाहतं. म्हणून रे रोडला ब्रिटानिया, वरळीला लव्हग्रोव्ह अशी पंपिंग स्टेशनं बांधावी लागली. पावसाचा आकडा आणि भरतीची वेळ एकत्र वाचल्याशिवाय मुंबईतल्या पावसाची गोष्ट पुरी होत नाही.

हे सगळं ज्याला डोळ्यांसमोर घडताना दिसत होतं असा एक मराठी लेखक आहे. गोविंद नारायण माडगावकर. त्यांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ मध्ये आलं, रेल्वे सुरू होऊन दहा वर्षं झाली होती तेव्हा. भाषा जुनी आहे, पहिली काही पानं अडखळायला होतं. पण हा माणूस शहराकडे घडत असलेली वस्तू म्हणून पाहतो. बेटं, बंदरं, रस्ते, तळी, बाजार, आगगाडी, माणसं, सगळ्यांची दखल घेतो. त्याला नवलही वाटतं, अभिमानही वाटतो. इंग्रजी राज्याचं कौतुक तो आज आपल्याला खटकेल इतकं करतो, आणि भराव घालण्यात काय बिघडेल ही शंका त्याच्या काळात त्याला येणं कठीणच होतं. तरीही त्याच्या पुस्तकात जमीन ही दिलेली गोष्ट नाही. ती केलेली आहे. एकशे चाळीस वर्षांनी ती जमीन बुडाली तेव्हा लिहिणाऱ्यांनी ही नजर का हरवली, हा माझा खरा प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. चित्रपट म्हणजे पाटबंधारे खात्याचा अहवाल नव्हे. माणसांनी एकमेकांना त्या रात्री खरोखर सांभाळलं. माझ्या मावशीला कुर्ल्यात एका अनोळखी घराने कोरडी साडी आणि चहा दिला, ती साडी तिने अजून जपून ठेवली आहे. ही गोष्ट सांगायची नाही का? सांगायचीच. पण मावशी ती सांगते तेव्हा पाणी कुठपर्यंत होतं हेही सांगते. त्या घरात ते पलंगाच्या फळीपर्यंत होतं. म्हणजे ज्यांनी चहा दिला तेही बुडालेलेच होते. हा तपशील काढला की उरतं ते स्पिरिट. तपशील ठेवला की चांगुलपणाही मोठा दिसतो आणि प्रश्नही उरतो.

असा तपशील मला अलीकडे सापडला तो कुठल्याच कलाकृतीत नाही. २७ जुलै २०१९. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. रात्रभर चहूबाजूंनी पाणी. मुंबई बेट मागे राहिलं होतं आणि गाडीच बेट झाली होती. एनडीआरएफ, नौदल आणि इतरांनी सुमारे १०५० प्रवाशांना बाहेर काढलं. प्रवाशांनी डब्यातून पाठवलेले व्हिडिओ तेव्हा सगळ्यांनी पाहिले. गाणं नाही, कोन धरलेला नाही, हात थरथरतोय. गाडी कुठे उभी आहे, पाणी कुठवर चढलंय, किती माणसं आहेत, एवढंच ते सांगतात. दारातल्या पावसाचं रील आणि हा व्हिडिओ, दोन्ही त्याच फोनवर, त्याच कॅमेऱ्याने काढलेले. फरक इतकाच की दुसऱ्यात पाणी मोजलेलं आहे, कारण पाहणाऱ्याने काहीतरी करायला हवं होतं.

पावसातल्या लोकलवर पुढे कोणी कथा लिहिली, चित्रपट काढला, तर मी त्यात हे शोधणार आहे. प्रेम असू द्या, गाणं असू द्या. पण गाडी थांबली तर कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये, भरती किती वाजता होती, खिडकीबाहेरच्या वस्तीत पाणी कुठवर होतं, हे लेखकाला माहीत असल्याचं जाणवलं पाहिजे. सगळं सांगावं असं नाही.

त्या दिवशी सीएसएमटीला पोहोचले तेव्हा पावसाचा जोर ओसरला होता. संध्याकाळच्या पंचवटीत जागा मिळाली. कल्याण मागे पडल्यावर आईचा फोन आला. जेवलीस का, भिजलीस का, असलं काही नाही. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “पाणी कुठपर्यंत आलंय?” मी म्हटलं, “किंग्ज सर्कलला रुळांच्या खाली होतं.” ती म्हणाली, “बरं,” आणि फोन ठेवला. मग लगेच तिने मावशीला फोन केला असणार.