लेस विणणारीची बोटे

योहानेस व्हर्मेर या डच चित्रकाराचे ‘लेस विणणारी’ हे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी छापील प्रतीतच पाहिलेले असते. १६६९-७० च्या सुमारास रंगविलेले मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याची उंची सुमारे २४ सेंटिमीटर व रुंदी २१ सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या पानाएवढीच. पिवळ्या वस्त्रातील एक तरुणी लेसच्या उशीवर वाकली आहे. शेजारी एक लहान पुस्तक आहे. ते प्रार्थनापुस्तक असावे, असे मानून अनेक समीक्षकांनी या चित्रात गृहिणीच्या सद्गुणांची स्तुती पाहिली. हे रसग्रहण खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण ते बोटांकडे पाहात नाही.

ही लेस क्रोशाहून निराळी. तिला हूक लागत नाही. घट्ट भरलेल्या उशीवर भोके पाडलेला नमुन्याचा कागद ठेवतात, दोऱ्याने भरलेल्या लाकडी कांड्या जोडीजोडीने टांगतात आणि एका वेळी दोन जोड्या, म्हणजे चार कांड्या हाताळतात. हालचाली दोनच. मधल्या दोन कांड्यांत डावी उजवीवरून न्यायची, ही ओलांडणी. मग प्रत्येक जोडीत उजवी डावीवरून न्यायची, हा पीळ. ओलांडणी, पीळ, पुन्हा ओलांडणी केली की कापडासारखा टाका तयार होतो. मग टाचणी रोवायची. एवढेच असूनही नवशिकी गोंधळते. राहून गेलेला पीळ तत्काळ जाणवत नाही. तो पुढच्या ओळीत उघडा पडतो, आणि मग टाचण्या काढीत सगळे उलट क्रमाने उलगडावे लागते.

हे ठाऊक असलेल्या नजरेने चित्र पुन्हा पाहावे. समोरच्या निळ्या उशीतून लाल-पांढरे दोरे ओघळतात. ते इतके अस्पष्ट आहेत की सांडलेला रंगच वाटावा. मात्र तरुणीच्या हातातील ताणलेले दोन दोरे केसासारखे स्पष्ट आहेत. तयार लेस तर जवळजवळ दिसतच नाही! काम करणाऱ्याचे लक्ष असेच असते: हातातला दोरा स्पष्ट, बाकी जग धूसर. व्हर्मेरने वस्तू रंगविली नाही, एकाग्रता रंगविली. हेच या चित्राचे खरे मोठेपण होय.

ब्रह्मपुरीच्या वाचकाला हे परके वाटू नये. शेजारच्या नागभीडमध्ये आणि वैनगंगेपलीकडच्या आरमोरीत कोशाचे कापड विणले जाते. कापडी टाक्यात एक जोडी बाण्यासारखी आडवी फिरते, उरलेल्या जोड्या ताण्यासारख्या उभ्या राहतात. मागावर बसलेल्यास हा टाका समजावून सांगावा लागणार नाही.

तथापि चित्राची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. या तरुणीला मजुरी किती मिळते, हे चित्र सांगत नाही. ती उणीव मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंच्या १९८२ सालच्या ‘नरसापूरच्या लेस विणणाऱ्या’ या अर्थाच्या इंग्रजी ग्रंथाने भरून काढली. आंध्रातील त्या स्त्रिया क्रोशाची लेस विणीत. त्यांच्या दिवसभराच्या श्रमाला ‘फावल्या वेळेचे काम’ म्हटले गेले, म्हणूनच त्यांची मजुरी तुटपुंजी राहिली आणि नफा व्यापाऱ्यांकडे गेला, असे मीसबाई दाखवितात. सद्गुणाची स्तुती मजुरी बुडविण्याच्या कामी कशी येते, हे त्यातून कळते.

याउलट उदाहरणही भारतातलेच आहे. १८२१ च्या सुमारास नागरकोईलच्या मिशन शाळेत मार्था मॉल्ट यांनी मुलींना कांड्यांची लेस शिकविली. त्रावणकोरात तेव्हा गुलामगिरी होती; १८५५ मध्ये ती रद्द झाली. तत्पूर्वीच शाळेतील काही मुलींनी लेसच्या कमाईतून स्वतःची सुटका विकत घेतल्याचे मिशनचा इतिहास सांगतो. तेथे लेस म्हणजे फावला वेळ नव्हता. ते मुक्तीचे मोल होते.

आपल्या धर्मग्रामांतील शिवणवर्गांत ही कला कुणी शिकवू म्हणेल, तर व्हर्मेरचे चित्र भिंतीवर अवश्य लावावे. मात्र त्याखाली हिशेबाची वहीही ठेवावी. किती तास बसलो, किती दोरा लागला, काय दर मिळाला, हे मुलींनी पहिल्या पट्टीपासून लिहावे. चित्र एकाग्रतेचा मान राखते. वही श्रमाचा राखील.