वान रीडचा घुमट

आपल्याकडे लेखकाची कबर सहसा नसते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर वाढलेल्या वाचकाने आवडत्या लेखकापाशी जायचं तर कपाटाकडेच जावं लागतं. सुरतेच्या उधन्यात राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना मात्र एका ग्रंथकाराची कबर रिक्षाने गाठता येते. कतारगाम दरवाज्याजवळच्या डच कबरस्तानात हेंड्रिक आड्रियान वान रीड विसावला आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ त्याचा.

त्याचा शेवट गूढकथेत शोभावा असा. डच कंपनीने आपल्याच नोकरांचा भ्रष्टाचार खणून काढायला त्याला मोठे अधिकार देऊन पाठवलं होतं. कोचीहून सुरतेला येताना, १५ डिसेंबर १६९१ रोजी, मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावरच तो गेला. सुरतेला पोचलं ते त्याचं शव.

इमारत लांबून पाहिली तर एखाद्या मोगल सरदाराचा मकबरा वाटेल. एकावर एक असा दुहेरी घुमट, वर-खाली खांबांवर पेललेले सज्जे. आत युरोपातला ख्रिस्ती उमराव आहे हे ती लवकर कळू देत नाही. भिंतींवर चित्रं, घराण्याची चिन्हं, बायबलमधली वचनं आणि खिडक्यांना सुरेख लाकडी कोरीवकाम होतं, असं जुन्या वर्णनांत आहे. तो साज आता गेला. मला वाटतं, त्याने इमारतीचं फारसं बिघडलं नाही. उरली आहेत ती मापं, आणि खांबांच्या ओळींतून सरकणारी सावली. खरं सौंदर्य तिथेच होतं.

जवळच इंग्रजांचं कबरस्तान आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडन तिथे आहे. तो १६६९ मध्ये वारला. ऑक्झेंडन बंधूंच्या थडग्याला मागे टाकण्यासाठीच डचांनी वान रीडचा घुमट एवढा थोरला बांधला, असं सांगतात. घुमटाकडे पाहिलं की ते पटतं.

पण घुमटात एकाच माणसाचा मोठेपणा आहे. ग्रंथ तसा नाही, आणि म्हणूनच मला तो घुमटाहून मोठा वाटतो. १६७८ ते १६९३ या काळात तो अॅमस्टरडॅमला छापला गेला. शेवटचे खंड कर्त्याने पाहिलेच नाहीत. त्यात सातशेहून अधिक वनस्पती आहेत, आणि दुहेरी पानभर पसरलेली त्यांची चित्रं. पानाच्या शिरा, फुलाचा देठ, चिरलेलं फळ, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. चित्रांवर नावं रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी लिपींत कोरलेली आहेत. चित्रकार वेगळे होते, आणि झाडांचं ज्ञान वैद्यांचं होतं: इट्टी अच्युतन, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे कोचीतले तीन कोकणी वैद्य. या तिघांची १६७५ सालची साक्ष पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापली आहे. युरोपात छापलेल्या सुरुवातीच्या नागरी मजकुरांत ती मोडते. परक्या सत्तेच्या अधिकाऱ्याने माहिती देणाऱ्यांची नावं अशी पुढे ठेवावीत, हे त्या काळात विरळाच.

जळगाव-नंदुरबारकडून ताप्ती लाईनने उधन्याला उतरणाऱ्या मंडळींनी एखादा रविवार या घुमटासाठी काढावा. जाण्याआधी ते नागरी पान जरूर पाहावं. ग्रंथाच्या जुन्या प्रती आता संगणकावरही उघडता येतात.