एका दिवसात 'बदल' मोजता येतो का?

पाणलोट विकासावरचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल तुम्ही वाचले असतील. साचा ठरलेला असतो. एक दिवसाची भेट, तीस-चाळीस प्रश्नावल्या, बंधाऱ्यावर ग्रुप फोटो आणि शेवटी 'भूजल पातळीत लक्षणीय वाढ झाली' हे वाक्य. मेहनत खरी असते, पण निष्कर्ष तिच्यातून निघालेला नसतो.

आधी काळाचं बघू. विहीर पावसाळ्यानंतर भरते, मेमध्ये तळ गाठते. डिसेंबरात दिसलेलं पाणी हा ऋतूचा भाग झाला, तो बदल नव्हे. म्हणून तर राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. तुलना करायची तर तीच विहीर, तोच महिना, वेगवेगळी वर्षं घ्या आणि शेजारी पावसाचे आकडे ठेवा. नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय बंधाऱ्याला जातं.

मग जागा. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात साठतं. शेजारशेजारच्या दोन विहिरींचं वागणं वेगळं असू शकतं. एका विहिरीवरून गावाचा निकाल देऊ नका. शिवाय जिथे कामं झालीच नाहीत असं सारख्या पावसाचं, सारख्या खडकाचं गाव तुलनेला हवंच.

सर्वात मोठी उणीव व्यवस्थापनाची. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार घ्या. अहवालांत चर आणि बंधारे मोजलेले असतात. पण तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, शेतीसाठी बोअरवेलला बंदी आहे, उसासारखी पिकं टाळली जातात. बंधारा पाणी अडवतो. उपसा किती करायचा हे माणसं ठरवतात. तो नियम कुणी केला, कुणाला जड गेला, ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला काय मिळालं, हे विचारलंय का? प्रश्नावली फक्त विहीरवाल्यांकडे गेली, तर उत्तरही त्यांचंच येणार.

हे नुसतं गुणांपुरतं नाही. असे अहवाल पुढची तुकडी संदर्भ म्हणून वापरते आणि मग कोरड्या राहिलेल्या गावाचा दोष सरळ गावकऱ्यांवर येतो.

हातात एकच दिवस असेल तर 'बदल' हा शब्द शीर्षकातून काढा. नियम कसे ठरतात आणि कोण मोडतं, एवढंच नीट विचारा. आणि विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंतची खोली टेपने मोजून तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कुणीतरी तिथूनच सुरुवात करेल.