‘माय नेम इज खान’ : मोडलेला भ्रम आणि राहिलेला
करण जोहर यांच्या २०१० सालच्या या चित्रपटानें ‘ॲस्पर्गर’ हें नांव अनेक घरांत पोंचविलें. अशा माणसास हृदय नसतें, हा समज त्यानें मोडला, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोंत. बोरिवलींत वाढलेला रिझवान प्रेम करतो, विवाह करतो, शोकही करतो. अडतें तें भाव प्रकट करण्यापाशीं.

परंतु दुसरा भ्रम तसाच राहिला. नायक मोडलेलें जवळजवळ सर्व कांहीं दुरुस्त करतो. जणूं असामान्य कसब हेंच त्याच्या सन्मानाचें मोल! वस्तुतः असें कसब थोड्यांच्याच ठायीं असतें. हा भ्रम पडद्यावरच राहता तर चिंता नव्हती. पण नंदुरबारकडील कोरीटसारख्या गांवीं एखादें मूल नजर चुकवीत असेल, गोंगाटानें कासावीस होत असेल आणि गणितांतही सामान्यच असेल, तर त्यास हट्टी व त्याच्या आईस दोषी ठरवावयाचें काय? हा संगोपनाचा दोष नव्हे. मेंदूची घडणच निराळी असते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनीं २०१३ सालीं हें स्वतंत्र नांव वगळून त्याचा समावेश स्वमग्नतेच्या व्यापक वर्गांत केला. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतही स्वमग्नता आहे. तेथें कसबाची अट नाहीं. कलेनें ती कां घालावी?